मामांच्या कोब्याला पाणी

काँक्रीट हा विषय मला पूर्ण समजलेला आहे, असं मी त्या हिवाळ्यापर्यंत लोकांना बेधडक सांगत असे. पुण्यात एम.एस्सी.ला माझा प्रकल्पच सिमेंटवर होता. सिमेंटच्या कणाला पाणी भेटलं की पुढे काय काय होतं, हे मी वर्षभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. शेजारच्या घरातला मुलगी बघण्याचा कार्यक्रम एखाद्या काकू पडद्याआडून पाहतात, तितक्या बारकाईने! पुढे शिष्यवृत्ती मिळून जपानात, सापोरोला आले. त्यामुळे शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात गुरुनाथमामांचा फोन आला, तेव्हा मला आश्चर्य वाटलं ते फक्त तो इतक्या उशिरा आल्याचं.

"अक्षे, कोबा घालायचाय. ये."

"आत्ता? मामा, कडाक्याची थंडी सुरू होईल आता."

"थंडी माणसाला वाजते गं! कोब्याला कसली आलीय थंडी?"

वाक्य मला शास्त्रीयदृष्ट्या ठीकच वाटलं. मी गाडी पकडली.

मामा नागोयातल्या एका गिअरच्या कंपनीत वीस वर्षं निर्यात खात्यात होते. मंदी आली तसं त्यांचं टेबल खिडकीजवळ हलवलं गेलं. आपल्याकडे कचेरीत खिडकीजवळची जागा मिळाली तर माणूस पेढे वाटेल. जपानी कचेरीत त्याचा अर्थ असा, की तुमच्यासाठी आता काम नाही, पण 'जा' म्हणायला आमची जीभ रेटत नाही. मामा काही महिने पार्किंगमधल्या गाड्या बघत बसले. मग उठले आणि बायको-मुलीला घेऊन फुमिएमामींच्या माहेरी आले, होक्काइदोत, ओबिहिरोच्या पलीकडच्या एका खेड्यात. तिथे बटाटे अमाप. वेफर्स करायचे ठरले. काप पाडून तळण्याचं यंत्र कोल्हापूरहून बोटीने निघालं होतं. त्याला बसायला एक मजबूत, सपाट जमीन हवी होती.

जागा मामांच्या सासऱ्यांची. सगळं गाव त्यांना ओजीचान म्हणे, म्हणजे आजोबा. ओजीचान फक्त "उं" म्हणत. त्या "उं"चे अर्थ होकार, नकार, भूक, हवामान आणि दुखवटा. पण जागा देताना मात्र ते पूर्ण वाक्यात बोलले होते. नव्या वर्षाच्या आत जमीन तयार झाली तर जागा जावयाची, नाही तर वसंतात तिथे बीट! नागोयाच्या कंपनीनेही मामांचं टेबल नव्या वर्षापर्यंतच राखून ठेवलं होतं. तेव्हा हिशोब सरळ होता. एक तर कोबा, नाही तर खिडकी.

मी पोचले तेव्हा जागेवर कोबा नव्हता, खड्डा होता. माझ्या कमरेएवढा खोल आणि बॅडमिंटनची तीन कोर्टं मावतील एवढा लांबरुंद. काठावर मामा एखाद्या नातलगाला निरोप द्यायला आल्यासारखे उभे होते.

"बघ! महिनाभर हा माणूस नुसता उकरतोय. इतकी छान चिकणमाती! आपल्याकडे असती तर मुरूम टाकला असता, धुम्मस मारलं असतं, संध्याकाळी कोबा!"

'हा माणूस' म्हणजे कंत्राटदार तोगाशी-सान. गडगडाटी आवाज, आणि तो आवाज त्यांना स्वतःला फार आवडे. मी प्रश्न विचारायचा अवकाश, त्यांची गाडी सुटली!

"चिकणमाती म्हणजे बदमाश! खालचं पाणी शोषून वर आणते. इथे ते गोठतं. बर्फाचा एक थर होतो. तो आणखी पाणी ओढतो, फुगतो, आणि वर जे काही असेल ते उचलतो. माझ्या काकांचा संडास एका हिवाळ्यात वीतभर वर गेला. काका आत होते!"

"मग?"

"वसंतात खाली आले."

मला हे फारच आवडलं. मी लगेच वहीत आकृती काढली, काकांसकट. म्हणूनच तर हे चिकणमाती काढून खाली जाड खडी भरत होते. खडीतून पाणी वर चढत नाही. त्यात पाणी वाहून न्यायला भोकांचे पाइप टाकले. इथवर मामांनी दात आवळून सहन केलं. मग ट्रकमधून निळ्या रंगाचे जाड, हलके तक्ते उतरले आणि खडीवर अंथरले जाऊ लागले. मामांनी एक उचलून नखाने टोकरला. चेहरा पांढराफटक.

"अक्षे! हा माझ्या कोब्याखाली थर्माकोल घालतोय! गणपतीचं मखर आहे का हे?"

"मामा, ते थंडी खाली जाऊ नये म्हणून असतं. खालची जमीन गोठली नाही, तर उचलणार कशी?"

"आणि वर माझं टनभर वजनाचं यंत्र? ते काय उंदरावर बसून येणार आहे?"

फुमिएमामी चहा घेऊन आल्या होत्या. मामी मराठी शिकल्या ते सासूबाईंकडून, म्हणजे माझ्या आजीकडून. त्यामुळे त्यांच्या तोंडून आमच्या आजीच बोलतात.

"जळ्ळं मेलं ते लक्षण!" मामी शांतपणे म्हणाल्या. "करू दे ना त्याला त्याचं काम. सगळ्यात मेलं नाक खुपसायचं!"

डिसेंबर उजाडला. तक्त्यांवर प्लास्टिक आलं, त्यावर लोखंडी जाळी आली आणि एका सकाळी काँक्रीट ओतलं गेलं. तोगाशी-सान सांगत होते, की या काँक्रीटमध्ये मुद्दाम बारीक हवेचे बुडबुडे सोडलेत, आत पाणी गोठलंच तर त्याला पसरायला जागा हवी. पृष्ठभाग असा गुळगुळीत केला, की ओजीचान लांबून बघून "उं" म्हणाले. यातला "उं" कुठला, ते कळलं नाही. मग सगळ्यावर ताडपत्रीचा बुटका तंबू उभारला आणि आत रॉकेलवर चालणारा मोठा हीटर घरघरू लागला.

"पाणी कधी मारायचं?" मामांनी विचारलं.

"कसलं पाणी?"

"कोब्याला! क्युरिंग!"

"पाणी नको," तोगाशी-सान म्हणाले. "उद्यापासून आमच्या लोकांची वर्षअखेरची मेजवानी आहे, गरम झऱ्यांच्या गावाला. आम्ही सोमवारी येऊ. तोवर हीटरमध्ये रॉकेल घालत राहा. बाकी काहीही करू नका."

'बाकी काहीही करू नका' हे वाक्य मराठी माणसाला ऐकू येतं, लागू होत नाही.

शनिवारी सकाळी मामा तंबूत वाकून शिरले आणि तितक्याच वेगाने बाहेर आले.

"अक्षे, आत भट्टी लावलीय! कोबा पांढरा पडलाय! तहानलाय गं तो!"

मी आत जाऊन पाहिलं. पृष्ठभाग खरोखरच कोरडा दिसत होता. आता माझ्या शिक्षणाची वेळ आली होती. मी मामांना समजावलं, की सिमेंट वाळून घट्ट होत नसतं, ते पाणी पिऊन घट्ट होतं. पाणी कमी पडलं तर ताकद कमी, वर भेगा. मामांना यातलं सगळं आधीच माहीत होतं. पुण्यात त्यांच्या वडिलांनी बंगला बांधला, तेव्हा स्लॅबवर गाऱ्याची आळी करून पाणी तुंबवण्याचं खातं त्यांच्याकडेच होतं. घरातला प्रत्येक पाहुणा चहाआधी गच्चीवर जाऊन पाणी आहे ना, ते बघून येई. ज्या घराला पाणी मारलं नाही त्या घराबद्दल आमच्यात अजून दबक्या आवाजात बोलतात.

"मग करायची आळी?" मामा म्हणाले.

"शास्त्र तर तेच सांगतं."

"या जपान्यांना गाड्या करता येतात, पण कोब्याची माया नाही!"

मामी लेकीला, नैनाला, घेऊन ओबिहिरोला खरेदीला गेल्या होत्या. अडवायला कोणी नव्हतं. उकरलेल्या चिकणमातीचा डोंगर बाजूलाच होता. दुपारपर्यंत आम्ही कोब्याच्या चारी कडांना सुबक बांध घातले आणि विहिरीच्या पंपाची नळी सोडली. दोन बोटं पाणी चढलं. एकच अडचण झाली. गरम तंबूत पाण्याची वाफ होऊन धुकं दाटलं, ताडपत्री ओली होऊन लोंबायला लागली आणि हीटर खोकून बंद पडला.

"ही गोधडी काढून टाकू," मामा म्हणाले. "पाणी आहे ना? मग पांघरूण कशाला? अंघोळ घालताना कोणी स्वेटर घालतं का?"

मी थोडा विचार केला. म्हणजे गणितच केलं. सिमेंट घट्ट होताना स्वतः उष्णता देतं. पाणी गार व्हायला वेळ घेतं. बाहेरचं तापमान थर्मामीटरवर शून्याच्या वर होतं, ऊनही चांगलं होतं. उत्तर समाधानकारक आलं.

"काढा," मी म्हणाले.

गणित बरोबर होतं. ते मी नंतर दोनदा तपासलं. त्यात फक्त रात्र धरली नव्हती.

ताडपत्री निघाली आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना आम्ही दिसू लागलो. मामा नळी धरून संथपणे पाणी मारत होते. एक गाडी थांबली. आतले गृहस्थ उतरले, मामांकडे बघितलं, कोब्याकडे बघितलं, आणि कमरेत वाकून म्हणाले, "केवढे कष्ट घेताय!"

मामा चकित. थोड्या वेळाने सायकलवरून एक बाई. त्याही उतरल्या, वाकल्या, "खरंच, आभारी आहोत!" मग एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढली!

"बघितलंस?" मामांची छाती नळीसारखी फुगली. "लोकांना कळतं! पाणी मारण्याचं महत्त्व जगात सगळीकडे कळतं! तोगाशीच तेवढा आळशी!"

शेवटी ओजीचान आले. बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले. मग डोळे पुसले. वाऱ्यामुळे असेल असं मला वाटलं. "उं," ते म्हणाले, आणि गेले.

रविवारी सकाळी मला जाग आली ती ओरडण्याने. आधी बाहेर खूप मुलं ओरडत होती. मग एकटे मामा ओरडले. मी कोट चढवून धावले.

कोबा आरशासारखा चमकत होता. दोन बोटं पाण्याचा रातोरात दोन बोटं बर्फ झाला होता. आणि त्यावर गावातली पोरंसोरं स्केट्स घालून गिरक्या घेत होती. सर्वांत पुढे आमची नैना! आदल्या दिवशी ओबिहिरोला आणलेले नवे स्केट्स तिच्या पायांत होते.

"नैना! उतर खाली! पापाचा कोबा आहे तो!" मामांचा आवाज चिरकला.

"पापा, सुगोई!" नैना ओरडली. म्हणजे, पापा, भारी! नैनाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जपानीतच येतं. "पापा, आरिगातो!"

"आरिगातो कसलं? आभार कसले मानतेस? अक्षे, हिला सांग!"

सांगायला मी बर्फावर पाऊल टाकलं आणि बसूनच पलीकडच्या कडेला पोचले. उठून पाहते तर गावातली मोठी माणसं रांगेत उभी. आदल्या दिवशीचे गाडीवाले गृहस्थ पुढे आले. ते शाळेच्या पालकसंघाचे प्रमुख निघाले, इकेदा-सान. त्यांनी छोटंसं भाषणच केलं. ते ऐकता ऐकता मामांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

त्या भागात अशी पद्धत आहे, की दर हिवाळ्यात गावचे पालक मिळून शाळेच्या मैदानावर पाणी मारतात, ते गोठवतात आणि मुलांसाठी स्केटिंगची जागा करतात. मुलं तिथे चालायला आणि घसरायला बहुधा एकदमच शिकतात. त्या वर्षी मैदान पाइपांच्या कामासाठी खणलेलं. जानेवारीत तालुक्याच्या शर्यती, आणि मुलांना सरावाला जागा नाही! गावात सगळे चिंतेत. तोंड उघडून मागावं कोणाकडे? अशा वेळी, इकेदा-सान भरल्या आवाजात म्हणाले, परदेशातून आलेल्या गुरुनाथ-साननी कोणी न सांगता आपल्या कारखान्याची जागा बाजूला ठेवली. स्वतः मातीचे बांध घातले. स्वतः पाणी मारलं!

आणि सगळी रांग वाकली. शाळेचे मुख्याध्यापकसुद्धा! मुलं बर्फावर वाकली, त्यांतली काही पडली.

मामांना वीस वर्षांत कंपनीत इतकं कोणी वाकून दाखवलं नव्हतं. ते माझ्याकडे वळून कुजबुजले, "अक्षे, यांना सांग की हा कोबा आहे."

"तुम्हीच सांगा मामा. मोठे तुम्ही आहात."

"कसं सांगू गं? त्या म्हाताऱ्या बाई रडतायत!"

मामांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि तेही वाकले. संपलं!

मग मदतीचा हिमलोट सुरू झाला. दुपारी पालकसंघाची पाण्याची टाकी आली. "पातळ थरावर थर द्यायचा असतो," असं म्हणत चार जण अनुभवी हाताने फवारे मारू लागले. आमचे बांध कोणी उंच केले. कोणी दिवे टांगले. मामी मोठ्या पातेल्यात लाल घेवड्याचं गोड सार घेऊन आल्या, मामांजवळ थांबल्या आणि हसऱ्या चेहऱ्याने, ओठ न हलवता म्हणाल्या, "मेल्या, काय करून ठेवलंस हे?" लग्नाला बारा वर्षं झाली होती. मामींनी मामांना एकेरी हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

"सोमवारी तोगाशी येईल," मामा म्हणाले. "तो सांगेल यांना. तो मोठ्याने बोलतो."

तोगाशी-सान सोमवारी आले. झऱ्यांच्या पाण्याने तुकतुकीत झालेले, खुशीत. त्यांनी गाडीतूनच बघितलं. इंजिन बंद केलं. बराच वेळ उतरलेच नाहीत. मग आले, बर्फावर पालथे झोपले आणि एका बाजूला कान लावला. काय ऐकलं कोण जाणे.

"खलास," ते उठून म्हणाले. आवाज प्रथमच हळू होता. "कोवळा असताना गोठला. वसंतात वरचे पापुद्रे निघतील. यंत्र ठेवायचं नाव नको." मग त्यांनी हाताने बर्फ चोळला आणि आवाज परत आला. "पण काय बर्फ जमलाय! तालुक्यात असा नाही! आणि का जमलाय सांगू? खालचे माझे तक्ते! जमिनीची ऊब वर येऊच देत नाहीत! आणि माझी पातळी बघा, पातळी! सपाट म्हणजे सपाट!" ते इकेदा-सानकडे वळले आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात खडी, पाइप आणि तक्ते समजावू लागले. 'कोबा' हा शब्द त्यांच्या तोंडून एकदाही निघाला नाही. आता या बर्फाचे तेही शिल्पकार झाले होते.

मामा मटकन चिकणमातीच्या ढिगावर बसले. "नव्या वर्षाला काय राहिलंय," ते म्हणाले. "अक्षे, मला त्या पार्किंगमधल्या गाड्यांचे नंबर अजून पाठ आहेत गं."

माझ्या मनात वितळण्याचा वेग, गरम पाणी, मीठ असले उपाय येऊन गेले. या वेळी मी एकही बोलले नाही. शास्त्रात याला प्रगती म्हणतात.

तेवढ्यात ओजीचान आले. हातात बर्फ लोटायचं रुंद फावडं. त्यांनी फावडं ठेवलं, घसा खाकरला, आणि गाव गप्प झालं. कारण ओजीचान बोलणार होते.

"ही जागा," ओजीचान म्हणाले, "शाळेला दिली. कायमची. माझ्या जावयाची इच्छा आहे."

टाळ्यांचा कडकडाट! मामांच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं. ते काढायला विसरले होते. मामींनी डोळे मिटून घेतले. माझ्या डोळ्यांसमोर खिडकी आली, खिडकीत मामा, आणि समुद्रावर कोल्हापूरचं यंत्र.

टाळ्या संपेपर्यंत ओजीचान थांबले. मग मामांच्या समोर जाऊन उभे राहिले.

"मी म्हटलं होतं, नव्या वर्षाच्या आत जमीन तयार. झाली. अशा कामाला येईल असं वाटलं नव्हतं." ते जरा थांबले. तीन वाक्यं एकामागोमाग बोलल्याने त्यांना धाप लागली असावी. "माझा मोठा गोठा रिकामा आहे. गाई विकल्या. तुझं यंत्र तिथे ठेव. तो तुझा. कुठे जायचं नाही."

मामांनी सासऱ्यांना वाकून नमस्कार करायच्या ऐवजी सरळ पायांवर डोकं ठेवलं. गावाने ही पद्धत पूर्वी पाहिली नव्हती. दोघेतिघे धावले, त्यांना वाटलं, मामा घसरले.

"उं," ओजीचान म्हणाले. हा होकाराचा होता.

आता गोठ्यात वेफर्स निघतात. तोगाशी-साननी सांगितल्याप्रमाणे वसंतात कोब्याचे पापुद्रे निघाले, भाजलेल्या पापडासारखे. पण वर बर्फच घालायचा असल्याने कोणी काही बोललं नाही. नैना शर्यतीत तिसरी आली. दर डिसेंबरात त्या जागेवर पहिलं पाणी मारायचा छोटा समारंभ होतो. त्यात मामांचा मान मोठा. त्यांच्यासाठी गादीची खुर्ची मांडतात, गुडघ्यांवर शाल घालतात, गरम चहा देतात. दोन धट्टीकट्टी माणसं दोन्ही बाजूंना उभी असतात. नळी मात्र कोणी त्यांच्या हातात देत नाही. मामांना वाटतं, हा आदर आहे.

मीही त्यांना तसंच वाटू दिलं. मग मागच्या वर्षी सुट्टी काढून समारंभाला गेले, तर मामांच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली होती. त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी होती.